धूर मटणाला लागावा, माणसाला नको

राहुरीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. दुकानात येतात त्या विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी. दोन वर्षांपूर्वी आखाडाच्या तोंडावर एक ओळखीचे बागायतदार पिकअपमध्ये घालून वेगळीच वस्तू घेऊन आले. कमरेएवढं काळं लोखंडी कपाट, आत चार जाळ्या, तळाशी कॉइल आणि कॉइलच्या वर लाकडाचे तुकडे ठेवायची छोटी पेटी. मुलगा अमेरिकेतली नोकरी सोडून कायमचा घरी आला, त्याच्या सामानातून हे आलं होतं. मटण धुरावर शिजवायचं यंत्र. पिन बदलून त्यांनी ते सरळ भिंतीवरच्या बोर्डाला लावलं आणि दोन मिनिटांत कॉइल तुटली.

तुटणारच होती. तिकडची घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. 800 वॉटच्या त्या कॉइलवर जवळजवळ 2,900 वॉटचा मारा झाला. मी आपल्या व्होल्टेजच्या हिशोबानं नवी निक्रोमची कॉइल बसवली, थर्मोस्टॅट बदलला, अर्थिंगची वायर नीट जोडून दिली. कपाट गाडीत चढवताना त्यांनी विचारलं, “मिस्त्री, हे लाइटवरच ठेवू का खाली गॅसचा बर्नर बसवून देता?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या वस्तीवर आणि माझ्या घरामागं दोन्ही प्रकार करून पाहिले, मोजून पाहिले. हौस म्हणून असं यंत्र घ्यायला निघालेले आणखी चार-पाच जण दुकानात येऊन हाच प्रश्न विचारून गेले. म्हणून जे कळलं ते लिहितो.

पहिली गोष्ट ही की धुरावरच्या मटणाला परदेशी खूळ म्हणू नये. खाटकाकडची मुंडी आणि पाय आधी आगीवर भाजूनच घेतात. पूर्वी बाभळीच्या आरावर भाजायचे, आता गॅसच्या बर्नरवर भाजतात, आणि जुन्या माणसाला रस्सा तोंडाला लावताच त्यातला फरक कळतो. वाटीत पेटता निखारा ठेवायचा, वर तुपाची धार सोडायची आणि पातेल्यावर झाकण घालायचं, हा धुंगार घरोघरी माहीत आहे. थंडीत आगटीत भाजलेल्या हुरड्याला जी चव येते, ती गोवऱ्यांच्या धगीची आणि धुराची. नगर-पुणे रस्त्यानं जा, ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या ओळीनं दिसतील. त्या पाटीवर मटणाइतकाच धूरही विकला जातो. घरात गॅस आला, कुकर आला, आणि धूर तेवढा हॉटेलात जाऊन बसला. त्याला घरी परत आणायची इच्छा मला रास्त वाटते.

पण माझ्यासाठी या धुराला दुसरी बाजू आहे. माझ्या आईनं चाळीस वर्षं चूल फुंकली. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या, उन्हाळ्यात उसाचं पाचट, मिळेल ते जळण. खोकला तिच्या सोबतीचाच होता. शेवटी दम फारच लागायला लागला तेव्हा तिला नगरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून आधी विचारलं, “आजी बिडी ओढतात का?” आईनं उभ्या आयुष्यात तंबाखूची मिसरीसुद्धा लावली नव्हती. त्या दोन काळपट फुफ्फुसांत आमच्या सगळ्यांच्या भाकरी होत्या. उज्ज्वला योजना 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा आई नव्हती. त्यामुळं मटणाला धूर द्यायचं कोणतंही साधन पाहिलं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: हा धूर कुणाच्या छातीत जाणार?

आता लाइट आणि गॅस. दोन्हीत धूर लाकडाचाच असतो, हे आधी ध्यानात घ्यावं. वीज किंवा गॅस फक्त उष्णता पुरवतात. त्या उष्णतेवर पेटीतले लाकडाचे तुकडे धुमसतात. ते पेटून भडकायला नकोत, नुसते धुमसायला हवेत. कपाटातली हवा 110 ते 120 अंशांवर चार-पाच तास स्थिर राहिली पाहिजे, तेव्हा म्हाताऱ्या बोकडाची मांडीसुद्धा हाडापासून सुटते. यंत्राची खरी परीक्षा या ‘स्थिर’ शब्दात आहे.

विजेची बाजू इथं भक्कम आहे. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करतो आणि काटा सहसा पाच-दहा अंशांपलीकडं हलत नाही. ज्योत नसल्यामुळं तिला हवा पुरवायला मोठी भोकं ठेवावी लागत नाहीत, म्हणून आतला ओलावा आतच राहतो. आपल्या मटणासाठी हे फार मोलाचं आहे. अमेरिकेत ही यंत्रं डुकराच्या आणि गायीच्या चरबीदार मांसासाठी घडली. आपलं बोकडाचं मांस सडसडीत. संगमनेरी शेळी घ्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठात वर्षानुवर्षं जिच्यावर काम चाललंय ती. माळरानावर हिंडणारं जनावर ते, अंगावर चरबी बेताचीच. असं मांस कोरड्या गरम वाऱ्यात चार तास ठेवलं तर त्याचं चामडं होतं. विजेच्या कपाटात खाली पाण्याची परात ठेवली की ते मऊ राहतं. खर्चही कमी. माझ्याकडच्या मीटरवर चार तासांच्या एका खेपेला दोन युनिटांच्या थोडं वर आकडा गेला.

एवढं सगळं पाहून मी त्या बागायतदारांना लाइटवरच ठेवा असं सांगून बसलो, आणि तिथंच चुकलो. मी कपाट दुकानात तपासलं होतं. दुकान भर बाजारपेठेत, व्होल्टेज 228, 230. त्यांची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर आत, उसात, लाइनच्या पार शेवटच्या टोकाला. संध्याकाळी सहाला त्यांनी मटण आत ठेवलं. साडेसातला मला फोन आला की काटा सत्तरच्या वर सरकत नाही. मी मल्टिमीटर घेऊन गेलो. बोर्डावर 165 व्होल्ट. घरातला बल्ब पिवळा पडलेला, पंखा मोजता येईल इतका हळू. जो नियम दुपटीला लागू पडतो तोच तुटीलाही लागू पडतो. 165 व्होल्टला 800 वॉटची कॉइल जेमतेम 410 वॉट उष्णता देते. व्होल्टेज पावपट उतरलं तरी उष्णता जवळपास निम्म्यावर येते. मोटारवाल्याला हे पाठ असतं, आणि तरी मला सुचलं नाही.

दहा वाजता मांडीच्या मधोमध तापमापकाचा काटा खुपसला. 41 अंश. चार तास ते मांस शिजत नव्हतं, नुसतं उबत होतं. 5 ते 60 अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा, आणि त्यातही 40 च्या आसपास त्यांची चंगळ. बाहेरून मात्र मांडी सुरेख तांबूस दिसत होती, वास असा की वस्तीवरची पोरं कपाटापासून हलेनात. मी हात जोडून सांगितलं की हे कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. दीड किलो मटण त्यांनी बांधाला खड्डा करून पुरलं. धुराचा रंग आणि वास मांस शिजल्याची खूण नाही, हे मी त्या रात्री शिकलो. कोंबडीचा मधला भाग 74 अंशांवर गेलाच पाहिजे. बोकडाची मांडी मऊ व्हायची तर नव्वदच्या पुढं न्यावी लागते. ते सांगणारा सळईचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

आपल्या नगर जिल्ह्यात कितीतरी माणसं अशी वस्तीवर राहतात. गावठाणाची लाइन वेगळी, शेतीची वेगळी. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. मोटारी सुरू झाल्या की डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, भार वाढतो आणि दिवे मंदावतात. हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्हणून लाइट की गॅस हा वाद आपल्याकडं चवीवरून सुटणार नाही, तो डीपीपासून सुरू होतो.

मग गॅस. त्या अमेरिकन कपाटाखाली बर्नर बसवायला मी साफ नकार दिला. ते बंद कपाट विजेसाठी बनलेलं, ज्योतीला लागणारी हवा त्यात येत नाही. कमी हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. त्याला ना वास, ना रंग. त्याऐवजी गोडेतेलाचं 200 लिटरचं रिकामं पिंप घेतलं. औषधाचं किंवा डिझेलचं पिंप कधीही घेऊ नये. जस्ताचा पत्राही नको, तापल्यावर त्याची वाफ विषारी. पिंप आधी रिकामंच जाळून आतला रंग घालवला, तळाला हवेची भोकं पाडली, वर धुराडं काढलं, खाली लहान बर्नर बसवला.

हे पिंप वस्तीवर चाललं. 165 व्होल्ट असो की लाइट पूर्ण गेलेली असो, गॅसला काही घेणंदेणं नाही. गॅसच्या ज्योतीत तयार होणारे नायट्रोजनचे वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरतात, त्यामुळं कापल्यावर कडेला सुरेख गुलाबी पट्टी दिसते. विजेच्या कपाटात ती सहसा येत नाही. पट्टीचा चवीशी संबंध नाही, पण ताटात शोभते खरी.

त्रासही मोजले. बर्नर अगदी बारीक केला तरी पिंप दीडशेच्या खाली यायला तयार नव्हतं. भोकं कमी-जास्त करून, पाण्याची परात मोठी करून ते 125 वर आणायला चार रविवार गेले. सिलिंडर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला, तर चार तासांना साधारण 600 ग्रॅम गॅस गेला. म्हणजे 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये तेवीस-चोवीस खेपा. विजेपेक्षा कितीतरी जास्त इंधन, कारण बरीच उष्णता भोकांतून आणि धुराड्यातून निघून जाते.

आणि एक भीती. तिसऱ्या रविवारी वाऱ्याच्या झोतानं ज्योत विझली. धूर चालूच होता, त्यामुळं कुणाला कळलं नाही. मी वाकून पाहायला गेलो तर गुडघ्याखाली गॅसचा वास. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, चरीत, पायरीखाली साचून राहतो. पाच-सहा पावलांवर घरातली सून उदबत्ती लावत होती. त्या दिवसानंतर ज्योत विझताच गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय मी एकही पिंप कुणाला दिलेलं नाही. सिलिंडर उभाच ठेवावा, पिंपापासून लांब, नळी आयएसआयची. पडवीत, गोठ्यात, पत्र्याच्या बंद शेडमध्ये हे काम करू नये. आणि उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ते दिवसाउजेडी उरकावं. रात्री मटणाच्या वासानं बिबट्या येऊन बसेल, हे राहुरी-संगमनेरच्या माणसाला सांगायला नको.

तिकडचे लोक प्रोपेन म्हणतात तो गॅस आणि आपला सिलिंडर यांतही फरक आहे. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेन असतो. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपासच व्हायची थांबते, प्रोपेनची उणे 42 पर्यंत होत राहते. म्हणून बर्फाच्या मुलखात शुद्ध प्रोपेन लागतो. नगरच्या थंडीत आपल्याला ती अडचण नाही. तेव्हा परदेशी यंत्राच्या कागदावर प्रोपेन लिहिलंय म्हणून वेगळ्या गॅसच्या मागं लागू नये. पण त्या यंत्राचा बर्नर आणि रेग्युलेटर आपल्या गॅसला जुळवून दिल्याशिवाय पेटवूही नये.

लाकडाबद्दल मात्र आपण श्रीमंत आहोत, आणि ते आपल्याला माहीतच नाही. कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या पडीक रानांत, ओढ्याकाठी जी वेडी बाभूळ माजली आहे, ती मूळची अमेरिका खंडातली. टेक्सासात मांसाला धूर द्यायला मेस्कीट नावाचं लाकूड नावाजलेलं आहे. ते याच वेड्या बाभळीच्या कुळातलं. तिथं पिशवीत भरून विकतात, आपल्याकडं जेसीबी लावून उपटतात. तिचा धूर उग्र असतो, म्हणून चार तासांना सुकलेल्या तुकड्यांच्या दोन मुठी पुरतात. सौम्य हवा असेल तर आंबा आणि पेरू. छाटणीच्या वाळल्या फांद्या भरपूर होतात, झाड तोडायचं काम नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं कुऱ्हाडबंदी पाळून आपलं रान परत उभं केलं. त्या जिल्ह्यात चवीसाठी हिरव्या झाडावर कुऱ्हाड घालणं शोभत नाही. निलगिरी, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या घेऊ नयेत. आणि कण्हेर तर चुकूनही नाही. रस्त्याच्या दुभाजकावर ती सगळीकडं आहे, तिची काडी हाताशी येते, आणि तिचा धूरही विषारी.

आरोग्याचं एक सांगितलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली खारवलेलं, धुरी दिलेलं असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. म्हणून हा सणावाराचा घास असावा, रोजचा नव्हे. आखाडात एकदा, जत्रेला एकदा, पाहुणे आले तर एकदा. तसंच हे कपाट मटण टिकवायचं साधन नाही. आपल्याकडं ज्यांच्या वाट्याला बर्फ नव्हता आणि तेलही नव्हतं, त्यांनी मांसाच्या पट्ट्या उन्हात कडक वाळवून चान्या केल्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये ते खाणं मानानं लिहून ठेवलं आहे. ती टिकवण्याची विद्या वेगळी. चार तासांच्या धुरातून निघालेलं ओलसर मटण त्याच दिवशी संपवावं.

आता माझा निवाडा. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नगर अशा गावांत ज्यांच्या घरी संध्याकाळीही 210 च्या वर व्होल्टेज असतं, त्यांनी लाइटवरचंच घ्यावं. ते सुरक्षित, स्वस्त, आणि आपल्या सडसडीत मटणाला मानवणारं. छतावर सोलर असेल तर दुपारी लावावं, बिलाचाही विचार नको. मात्र ते गच्चीवर किंवा अंगणात ठेवावं, अर्थिंग असलेल्या बोर्डावर. फ्लॅटच्या बाल्कनीत नको, वरच्या मजल्यावरच्या लेकुरवाळीला त्याचा त्रास होतो. ज्यांच्या वस्तीवर व्होल्टेज 190 च्या खाली उतरतं, त्यांनी गॅसचं पिंप घ्यावं, उघड्यावर, सुरक्षा व्हॉल्व्हसह. मधल्यांनी दिवसा लाइटवर करावं. विकत घेण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी सातला मल्टिमीटर लावून आकडा वहीत लिहावा. दुकानदार काय म्हणतो याला त्या सात आकड्यांपुढं किंमत नाही.

त्या बागायतदारांनी तेच केलं. कपाट आता गावठाणातल्या जुन्या वाड्यात आहे, पिंप वस्तीवर. गेल्या आखाडात मी गेलो होतो. मुलानं सकाळी अकरालाच कपाट लावलं होतं, हातात तापमापक घेऊन तोच चार तास शेजारी होता. त्याची आई ओट्यावर वाऱ्याच्या बाजूला बसून मेथी निवडत होती. तीन वाजता काटा 92 वर गेला, मांडी बाहेर आली, सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. त्या माउलीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “चुलीवानी लागतंय, अन् डोळ्यात पाणी नाही.”

मला एवढंच मागायचं आहे. लाइट घ्या नाहीतर गॅस, पण घरात धुराची हौस ज्याला असेल त्यानंच त्याच्या शेजारी बसावं. चुलीपुढं आयुष्य काढलेल्या बाईला पुन्हा धुराजवळ बसवू नका. तिच्या वाट्याचा धूर तिनं कधीच संपवला आहे.